कर्नलची शिदोरी

कुलूप लावावं आणि किल्ली घरातच राहावी, तशी लिनक्स कर्नलची मूळ अडचण. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर त्याच डिस्कवर.

१९९१-९२ च्या सुमारास यावर तोडगा साधा होता: लागतील ते सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच घालायचे. बूट फ्लॉपीवरून कर्नल मेमरीत उतरला की थांबायचा आणि रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, असलेली फ्लॉपी घालून एंटर दाबायला सांगायचा. पुढे डिस्क जोडणाऱ्या स्कझी कार्डांचे प्रकार वाढले, फ्लॉपी मात्र १.४४ एमबीचीच राहिली. स्लॅकवेअरसारखं लिनक्स वितरण बसवायचं तर आपल्या कार्डाला चालेल अशी बूट फ्लॉपी आधी शोधावी लागे.

१९९६ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांचं इनिटआरडी आलं. बूटलोडर कर्नलसोबत एक छोटी डिस्क-प्रतिमाही मेमरीत ठेवू लागला. तीच तात्पुरती रूट. तिच्यातला ‘लिनक्सआरसी’ मोड्यूल चढवी आणि मग खरी रूट माउंट होई. सोय झाली, पण रॅममध्ये डिस्कचं सोंग वठवायचं म्हणजे आकार आधीच ठरवायचा, आतली फाइलसिस्टम कर्नलला वाचता यायला हवी, शिवाय तोच मजकूर कॅशमध्ये पुन्हा साठणार.

हे सोंग २००२ मध्ये, कर्नलच्या २.५ मालिकेत, उतरलं. अल व्हिरो आणि एच. पीटर अ‍ॅन्व्हिन यांच्या कामातून इनिटरॅमएफएस आलं. डिस्कच्या जागी आता सीपीआयओ या स्वरूपात एकत्र बांधलेल्या फाइलींचं गाठोडं. प्रत्येक फाइलच्या नोंदीची सुरुवात ०७०७०१ या आकड्यांनी, मग आकार वगैरे तपशील, नाव, मजकूर; शेवटच्या नोंदीचं नाव ‘ट्रेलर!!!’. कर्नल ते थेट मेमरीतल्या फाइलसिस्टममध्ये सोडतो आणि आतला ‘इनिट’ पहिली प्रोसेस म्हणून चालवतो.

इथून पुढे रूट शोधणं हे कर्नलचं काम उरलं नाही. एलव्हीएम जोडणं, कूटबद्ध डिस्कचा पासफ्रेज विचारणं ही कामं गाठोड्यातल्या प्रोग्रॅमांकडे गेली. २००९ मध्ये फेडोरा १२ ने गाठोडं बांधायला ड्रॅकट हे साधन आणलं. २०१३ पासून गाठोड्याच्या तोंडाशीच प्रोसेसरचा मायक्रोकोड ठेवता येऊ लागला. २०२० मध्ये झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशनची सोय झाली.

डेबियनच्या ‘बूट’ फोल्डरमध्ये आजही ‘इनिटआरडी.आयएमजी’ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल दिसते. नाव जुन्या डिस्कचं, आत मात्र गाठोडं. खरी रूट सापडली की त्यातल्या फाइली पुसल्या जातात. रिकामं फडकं तेवढं काढता येत नाही. त्याच्यावरच नवी रूट मांडली जाते.