वीजबिल आणि गॅसची टाकी : हिशेब कसा वाचावा

स्मरणिकेत विचारप्रवर्तक लेख अनेक असतात. प्रस्तुत लेख मात्र साध्या घरगुती विषयावर आहे. बँकेच्या काउंटरवर काम करताना "साहेब, गॅसचे पैसे जमा झाले का?" हा प्रश्न रोज कानी येतो. वीजबिलाचा कागद पुढे करून "एवढे बिल कसे आले ते जरा पाहा" असे म्हणणारेही असतात. बिलाशी बँकेचा संबंध नाही, पण कागद वाचणारा माणूस म्हणून लोक विचारतात. त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

विजेचा विषय आपल्याला परका नाही. पूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. वीज स्वस्त व मुबलक असल्याशिवाय देशात उद्योग उभे राहणार नाहीत व दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे राज्य विद्युत मंडळ आले आणि 2005 साली त्याचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. दर मात्र कंपनी स्वतः ठरवीत नाही. कंपनी प्रस्ताव देते, त्यावर जाहीर हरकती मागविल्या जातात आणि राज्य वीज नियामक आयोग निर्णय देतो. या हरकती कोणीही सामान्य ग्राहक पाठवू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता बिलाकडे वळू. स्थिर आकार म्हणजे वीज वापरा अगर न वापरा, जोडणीबद्दल द्यावयाची रक्कम. वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटांची किंमत. वहन आकार म्हणजे ती वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा खर्च, तोही युनिटवरच. इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो, कधी नसतोही. या सर्वांवर राज्य शासनाचे 16 टक्के वीज शुल्क लागते. म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेला 'युनिटचा भाव' आणि बिलाची रक्कम यांचा मेळ बसत नाही, यात नवल नाही.

खरी मेख आहे ती टप्प्यांमध्ये. उदाहरणादाखल 2024-25 या वर्षाचे दर घेऊ. वीज आकार व वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये 88 पैसे होते, तर 101 ते 300 युनिटांना 11 रुपये 46 पैसे, म्हणजे जवळपास दुप्पट. दर त्यानंतर बदलले असल्याने आपल्या चालू बिलावरील आकडेच धरावेत. हिशेबाची रीत तीच आहे.

100 युनिट ओलांडले की सगळे बिल दुप्पट दराने लागते, असा एक पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. 101 वे युनिट महाग पडते, आधीची शंभर त्याच जुन्या दराने राहतात. या समजापायी महिनाअखेर घरात दिवे विझवले जातात आणि पहिला दिवा विझतो तो मुलाच्या अभ्यासाचा! 9 वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला 1.35 युनिट होतात. वरील दराने त्याचे आठ रुपये होतात, महाग टप्प्यात धरले तरी साडेपंधरा. उलट पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड रोज फक्त अर्धा तास लावला तर साडेबावीस युनिट जातात. 75 वॅटचा पंखा रोज दहा तास फिरला तर तेवढेच. परीक्षेच्या दिवसांत काटकसर करावयाचीच असेल तर रॉडची करावी.

दुसरी बाब रीडिंगची. बिलावर मागील रीडिंग व चालू रीडिंग छापलेले असते. ते आपल्या मीटरशी ताडून पाहणे हे पाच मिनिटांचे काम, पण बहुतेक जण थेट खालची रक्कम पाहतात. समजा एखाद्या घराचा वापर महिन्याला 90 युनिट आहे. दोन महिने रीडिंगच झाले नाही आणि तिसऱ्या महिन्यात एकदम 270 युनिट निघाले. नियमानुसार ती तीन महिन्यांत विभागली पाहिजेत, म्हणजे सर्व युनिट पहिल्याच टप्प्यात बसून 1,587 रुपये 60 पैसे होतात. तीच एका महिन्याची धरली तर 2,536 रुपये 20 पैसे! शुल्क धरून फरक सुमारे 1,100 रुपयांचा. मधल्या काळात अंदाजे बिले भरली असतील तर ती वजा झाली पाहिजेत, हेही पाहावे. फरक दिसला तर मीटरचा फोटो व मागील बिले जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे व त्यावर विद्युत लोकपाल आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस देणे विद्युत कायदा 2003 नुसार बंधनकारक आहे.

एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतील तर प्रत्येकाचा वापर थोडा असूनही बेरीज महाग टप्प्यात जाते. 80 युनिटांची तीन बिऱ्हाडे एकत्र आली की 240 पैकी 140 युनिटांना दुसरा दर लागतो. चूल वेगळी असेल तर मीटरही वेगळे घेण्याचा विचार करावा. स्थिर आकार वाढतो, तरी एकूण बिल बहुधा कमीच येते.

सुरक्षा ठेवीच्या वेगळ्या बिलाने घाबरू नये. ती ठेव आपलीच असते आणि तिच्यावर व्याज मिळते. बिलात ते वजा झाले की नाही, हे वर्षातून एकदा तपासावे.

गॅसचा हिशेब त्यामानाने सोपा. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो व त्यावर 5 टक्के जीएसटी असतो. आपल्या फाट्यावर खिचडीच्या हॉटेलांत लागते ती 19 किलोची व्यावसायिक टाकी. तिच्यावर 18 टक्के. घरची टाकी हॉटेलात वापरणे बेकायदेशीर आहे. टाकीच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. त्यात 14.2 मिळवावेत आणि टाकी घेताना काट्यावर वजन करून मागावे. तो आपला हक्क आहे.

जानेवारी 2015 पासून देशभर अनुदान थेट बँक खात्यात येऊ लागले. सर्वसाधारण ग्राहकांचे अनुदान 2020 मध्ये थांबले. उज्ज्वला योजनेतील भगिनींना मात्र ऑक्टोबर 2023 पासून टाकीमागे 300 रुपये मंजूर झाले. 2025-26 साठी वर्षाला नऊ टाक्यांची मर्यादा ठेवली गेली. अट एकच, पूर्ण किंमत आधी भरावी लागते. रोजमजुरीच्या घराला नेमके हेच जड जाते. अशांनी उज्ज्वलाच्या 5 किलोच्या टाकीची चौकशी करावी. राज्य शासनाने 2024 मध्ये वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना जाहीर केली, तेव्हा गॅस जोडणी महिलेच्या नावे असण्याची अट होती. जोडणी पतीच्या नावे राहिल्याने कितीतरी भगिनींना तिचा उपयोग झाला नाही.

शेवटी 'पैसे आलेच नाहीत' या तक्रारीविषयी. पुष्कळदा पैसे आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. अनुदान आधार क्रमांकावरून जमा होते आणि एका आधारला त्यासाठी एकच बँक जोडलेली असते. जी शेवटी जोडली गेली ती. बचत गटासाठी, शिष्यवृत्तीसाठी वा पीक विम्यासाठी नवे खाते उघडताना आधारच्या रकान्यात सही केली की पैशाची वाट बदलते आणि जुने पासबुक कोरे राहते. शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचेही असेच होते. म्हणून प्रथम घरातील सर्व पासबुके भरून घ्यावीत. ज्या बँकेत पैसे हवे असतील तेथे आधारची प्रत घेऊन जावे, सीडिंगचा अर्ज सही करून द्यावा आणि काही दिवसांनी नोंद झाली का ते विचारावे. त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.