धोमची हाडं, वाईचा कोश

ऑगस्ट 2016 मध्ये वाईजवळच्या धोम इथे एका शेतघराच्या आवारात पोलिसांनी खणायला सुरुवात केली आणि जमिनीतून मानवी अवशेष निघू लागले. बेपत्ता म्हणून नुसती नोंद होऊन राहिलेली माणसं ती हीच का, हे चेहऱ्यावरून सांगण्याची सोय उरली नव्हती. अवशेष डीएनए चाचणीसाठी पाठवावे लागले. मांस कुजून जातं, पण हाडाच्या आणि दाताच्या आत डीएनए तग धरून राहतो. त्यातल्या ठरावीक जागी एखादा छोटा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा आलाय ते मोजायचं आणि आईवडिलांच्या किंवा मुलांच्या नमुन्याशी ताडून पाहायचं.

बेपत्तांच्या नातलगांचे नमुने आणि बेवारस मृतदेहांचे नमुने जुळवून पाहणारी देशव्यापी नोंद 2019 च्या डीएनए विधेयकात होती. पण त्याच नोंदीत संशयित आणि कच्चे कैदीही होते. संसदीय समितीनं 2021 मध्ये त्यावर शंका घेतल्या आणि जुलै 2023 मध्ये सरकारनं विधेयक मागं घेतलं. हरवलेल्या लेकीसाठी रक्त देणारी आई आणि गुन्ह्यातला संशयित यांना एका कायद्यात बांधलं, हीच मला त्यातली मूळ चूक वाटते.

संशयितांची बाजू मात्र अडली नाही. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण घेण्याची मुभा दिली, नोंद 75 वर्षं ठेवायची. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट होते, पण सगळी अपिलं संपल्यावर. आपल्याकडे अपिलं संपायला किती काळ जातो, हे साताऱ्याच्या कोर्टात खेटे घालणाऱ्या कुणालाही विचारावं. शिवाय बोटाचा ठसा एकट्याचा असतो. डीएनएत भावंडं, चुलत भावंडंही येतात. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी सापडला तो दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या हौसेनं दिलेल्या माहितीवरून.

याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड 1976 चा. हा कोश डीएनएत लिहिता येईल. संगणकाचे दोन बिट म्हणजे ए, सी, जी, टी यांपैकी एक अक्षर, असा साधा हिशेब धरला तर युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपातलं ‘वाई’ 36 अक्षरांत मावतं. मग रेणूंचे छोटे धागे बनवायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि चुका दुरुस्त करण्यापुरती जादा अक्षरं जोडायची. 2013 मध्ये निक गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी शेक्सपिअरची 154 सुनीतं अशी लिहून परत वाचली. लिहिण्याचा खर्च अजून अवाढव्य आहे. टिकाऊपणाबद्दल मात्र शंका नको: ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए 2022 मध्ये वाचला गेला.

कोशाला असं आयुष्य मिळावं असं मला मनापासून वाटतं, आणि रक्ताच्या नमुन्याला ते मिळू नये असंही. बेपत्तांसाठी वेगळा कायदा हवा. त्यात नातलगाचा नमुना दुसऱ्या कुठल्याही तपासाला वापरायला बंदी हवी, ओळख पटली की तो नष्ट व्हायला हवा, आणि त्याआधीही आईनं मागितला तर तिला तो काढून घेता यायला हवा.