विश्लेषण : अपिलात दोनदा जिंकल्या, तरी दावा हरल्या! सारा पेलिन प्रकरण काय सांगते?

अब्रुनुकसानीचा दावा फेटाळला गेला की ‘वरच्या न्यायालयात जाऊ’ हे ठरलेलेच. पण अपील जिंकले म्हणजे बदनामी सिद्ध झाली, असे नाही. अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांना ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्धच्या दाव्यात याचा अनुभव दोनदा आला.

प्रकरण काय?

जून २०१७ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकन लोकप्रतिनिधींवर गोळीबार झाला. त्यावरील अग्रलेखात ‘टाइम्स’ने २०११ मधील ॲरिझोनाच्या गोळीबाराचा संबंध पेलिन यांच्या राजकीय समितीच्या एका नकाशाशी जोडला. नकाशात काही मतदारसंघांवर बंदुकीच्या नेमासारखी खूण होती. पण हल्लेखोराने तो पाहिल्याचा पुरावा नव्हता. वृत्तपत्राने लगेच दुरुस्ती छापली, तरी पेलिन न्यायालयात गेल्या.

अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीला केवळ मजकूर चुकीचा होता, एवढे दाखवून भागत नाही. १९६४ च्या सुलिव्हन निकालानुसार तो खोटा आहे हे ठाऊक असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे सिद्ध करावे लागते.

अपिलात काय घडले?

न्या. जेड रेकॉफ यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये दावा सुरुवातीलाच फेटाळला. मात्र त्याआधी त्यांनी संपादक जेम्स बेनेट यांची साक्ष घेतली होती. तिथेच गाडी अडली. या टप्प्यावर फक्त वादपत्र पाहायचे असते, साक्ष तोलायची नसते, असे सांगत अपील न्यायालयाने २०१९ मध्ये दावा पुन्हा उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तर कमालच झाली. ज्युरीची चर्चा सुरू असतानाच, ‘निकाल काहीही येवो, मी दावा फेटाळणार’ अशा आशयाची घोषणा न्यायाधीशांनी केली आणि ती बातमी काही ज्युरी सदस्यांच्या मोबाइलवर नोटिफिकेशन म्हणून झळकली! (डिजिटल डेस्कवर दिवसभर हेच बटण दाबणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून घाम फुटतो.) ज्युरीनेही कौल वृत्तपत्राच्या बाजूने दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तोही रद्द केला. काही पुरावा चुकीने वगळला, ज्युरीचे काम न्यायाधीशांनीच केले आणि नोटिफिकेशनमुळे कौलावर विसंबता येत नाही, ही त्यामागची काही कारणे. फेरसुनावणी झाली. एप्रिल २०२५ मध्ये नव्या ज्युरीने सुमारे दोन तासांत पुन्हा ‘टाइम्स’च्याच बाजूने कौल दिला.

आपल्याकडे नियम काय?

आपल्याकडे ज्युरी नाही. वादपत्र सुरुवातीलाच नामंजूर झाले, तरी कायद्याने तो हुकूमनामाच मानला जातो, त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली पहिले अपील करता येते. त्यात कायद्याच्या मुद्द्यांसोबत पुरावाही पुन्हा तपासता येतो. दिवाणी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायचे तर मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. मात्र नकलेसाठी अर्ज मुदत उलटून गेल्यावर केला, तर ही सवलत मिळत नाही.