सुट्टी शाळेची, खाडा कामगाराचा

जुलै लागला की माझ्या फोनवर दोन गोष्टी हमखास येतात. आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा फोटो, आणि महिनाअखेरीला त्याच्यामागोमाग तक्रार: "काका, कलेक्टरांनी सुट्टी दिली होती ना? मग शेठनी खाडा कसा धरला?" गुहागर-शृंगारतळीतल्या लहानमोठ्या आस्थापनांची मस्टरं आणि पगारपत्रकं मी लिहितो. त्यामुळे तासाभरात पलीकडच्या बाजूचाही फोन येतो: "पाऊस काय पहिल्यांदा पडतोय? आला नाही, तर तीन दिवस कापतो. चालेल ना?"

नाही चालणार. पण आधी पहिल्या तक्रारीकडे येऊ, कारण ती मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकली आहे की उत्तर तोंडपाठ झालं आहे.

गैरसमज: रेड अलर्ट आला आणि कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली, म्हणजे सगळ्यांना भरपगारी सुट्टी.

तो फोटो आलाच आहे ना फोनवर? मग बोटांनी जरा मोठा करा आणि पुढे पाठवण्याआधी वाचा. सुट्टी कुणाला, हे त्यात लिहिलेलं असतं: अंगणवाड्या, शाळा, महाविद्यालयं. दुकान, हॉटेल, पतसंस्था, कारखाना हे शब्द सहसा सापडत नाहीत. उलट बऱ्याच आदेशांत शिक्षकांनीही मुख्यालयी थांबून आपत्तीच्या कामाला मदत करावी, असं एक वाक्य खाली असतं. म्हणजे सुट्टी मुलांना आहे, मास्तरांनाही नाही, आणि आपण मात्र काजूच्या कारखान्यात ती मागतो.

जिल्हाधिकाऱ्यांना अधिकारच नाहीत, असं मी म्हणत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 नुसार ते जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. रस्ता बंद करणं, एखाद्या भागात जायला मनाई करणं हे त्यांच्या हातात आहे. गरज पडली तर आस्थापना बंद ठेवायलाही ते सांगू शकतात. पण तसं लिहिलं असेल तर. जे लिहिलेलं नाही ते आदेशात नाही, एवढं साधं आहे.

मुंबईचा दाखला घ्या. 19 ऑगस्ट 2025 ला तिथे पावसाने कहर केला, तेव्हा महापालिकेने सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर केली आणि खासगी कार्यालयांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घ्यायला सांगितलं. एकाच दिवशी, एकाच पावसात, एकाला सुट्टी आणि दुसऱ्याला घरून काम.

आता अलर्ट. हवामान खात्याचे रंग हा इशारा आहे, हुकूम नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की खातं त्याला अतिवृष्टीतला सर्वांत वरचा दर्जा देतं. पण इशारा सहसा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, मंडणगडपासून राजापूरपर्यंत. वेळणेश्वरला कौलं उडत असताना राजापुरात उन्हाची तिरीप असू शकते. त्यात आणखी एक गोम आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. त्यामुळे 'त्या तारखेला एवढा पाऊस झाला' म्हणून जो आकडा तुम्ही शेठला दाखवता, तो बराचसा आदल्या दिवसाचा असतो. शेठलाही हे ठाऊक नसतं, म्हणून निभावतं.

शंका येईल की सरकारनेच सगळं बंद केलं तर पगार आपोआप मिळेल की नाही? हे आपण अनुभवून बसलो आहोत. टाळेबंदीत देश बंद होता, तरी पगार कापू नये हे सांगायला केंद्रीय गृह मंत्रालयाला 29 मार्च 2020 रोजी वेगळा आदेश काढावा लागला. तो 18 मे पासून मागे घेतला गेला. पुढे 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा, असं सांगितलं. टाळेबंदीत जे आपोआप मिळालं नाही, ते पिवळ्या-तांबड्या ठिपक्यावर कसं मिळेल?

घोळ खरं तर शब्दांचा आहे. सुट्टी कुणीतरी देतो. रजा आपण आपल्या खात्यातून घेतो. आणि खाडा म्हणजे या दोन्हींपैकी काहीच नसलेली गैरहजेरी. मराठीत तीन वेगळे शब्द असताना पावसाळ्यात आपण तिन्ही एकाच पातेल्यात ढवळतो.

मग विचारायचं काय? दार बंद होतं की वाट बंद होती?

22 जुलै 2021 आठवा. चिपळूण पाण्याखाली होतं, वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या जुन्या पुलाचा भाग खचला, एसटीचं आगार बुडालं. आगारप्रमुख रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. आता गुहागर तालुक्यातल्या दोन कामगारांची कल्पना करा. एकाचा कारखाना चिपळुणात, यंत्रांवर गाळ. दुसऱ्याचा परशुराम घाटापलीकडे लोट्याला, उंचावर, समजा चालू. दोघेही घरीच. मस्टरवर मात्र दोघांची गोष्ट वेगळी.

पहिल्याचं दार बंद. मालक काम देऊ शकला नाही आणि कारण नैसर्गिक आपत्ती, याला कायदा 'ले-ऑफ' म्हणतो. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये ही व्याख्या होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कारखान्यात किमान 50 कामगार असतील आणि कामगाराची वर्षभराची सलग सेवा असेल, तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. निम्मी, पूर्ण नाही. आणि शृंगारतळीतल्या चार पोरांच्या दुकानाला हे कलम लागत नाही, हेही कडू असलं तरी खरं.

दुसऱ्याची वाट बंद. काम होतं, माणूस पोचू शकला नाही. इथे ले-ऑफ नाही. नैमित्तिक किंवा अर्जित रजा शिल्लक असेल तर ती टाकायची. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेतल्या कामगाराला वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, त्या अशाच दिवसांसाठी असतात. गणपतीआधीच संपवल्या असतील, तर त्या दिवसाचा पगार कापला जाऊ शकतो. दार किंवा वाट, एवढं ठरलं की भांडणाचा मोठा भाग तिथेच मिटतो.

गैरसमज: आला नाही म्हणजे दांडी, आणि दांडी म्हणजे शिक्षा.

हा शेठमंडळींचा. पगार कापणं वेगळं आणि गैरवर्तन ठरवणं वेगळं. पहिलं हिशेब आहे, दुसरं आरोप. कृष्णकांत परमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे की विनापरवानगी गैरहजेरी म्हणजे मुद्दाम केलेली गैरहजेरी असं आपोआप होत नाही. हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे येता आलं नसेल तर ती मुद्दाम नव्हे. खटला सरकारी नोकराचा होता, पण तर्क कुणालाही कळेल असा आहे. साकवावरून पाणी जात असताना माणूस अलीकडे थांबला, तर तो कामचुकार नव्हे, शहाणा.

"एसटी बंद होती तर फेरीबोटीने यायचं," असं मला एकाने ऐकवलं होतं. खवळलेल्या दाभोळच्या खाडीत फेरीबोटही धक्क्यालाच बांधलेली असते, हे त्यांना धोपाव्याला नेऊन दाखवायला हवं होतं.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*एका दिवसाचे तीन दिवस कापता येतात.* नाही. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात, हे वेतन संहितेत आहे आणि ही संहिता चार पोरांच्या दुकानालाही लागते. दहा किंवा जास्त जणांनी संगनमताने, पूर्वसूचनेशिवाय आणि योग्य कारणाशिवाय काम सोडलं तरच जास्तीत जास्त आठ दिवसांपर्यंत मजल जाते, आणि पूर हे योग्य कारण आहे.

*दहा दिवस आला नाही की नाव आपोआप कमी होतं.* आपोआप काहीच होत नाही. म्हणणं न ऐकता नोकरीवरून काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव खटल्यात 1993 मध्येच सांगितलं.

*ले-ऑफ झाला की सेवेत खंड पडतो.* कामगाराचा दोष नसताना काम थांबलं तर सेवा सलगच धरली जाते.

*अलर्टच्या दिवशी आलो, म्हणून दुप्पट पगार.* दुप्पट दर जादा तासांचा असतो, जादा पावसाचा नव्हे.

*सरकारी नोकराला काय, हक्काची रजा.* केंद्राच्या नियमांत कार्यालयापासून तीन मैलांपलीकडे राहणाऱ्याला आपत्तीने वाहतूक बंद पडल्यास विशेष नैमित्तिक रजा देता येते. 'देता येते' हे शब्द नीट वाचा. आणि आपत्तीच्या कामावर नेमलेला माणूस परवानगीविना गायब झाला, तर त्याला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात शिक्षा आहे.

*तापाचा दाखला आणला की भागतं.* पूर ओसरला की तालुक्यात तापाची साथ मस्टरवर दिसते, हे मी दरवर्षी पाहतो. खरं कारण तुमच्या बाजूचं असताना खोटा कागद कशाला? खोट्या दाखल्यावर खरोखरच कारवाई होऊ शकते, पुरावर नाही.

एक रकाना

माझ्याकडच्या एका मस्टरमध्ये एका जुन्या पावसाळ्यातलं पान आहे. एका चौकोनात लाल पेनाने 'खा', त्यावर पांढरा रंग, त्यावर निळ्याने 'र', मग पुन्हा खोडाखोड. कागद तिथे इतका पातळ झाला आहे की मागच्या पानाची शाई दिसते. एका दिवसाच्या पगारासाठी दोन महिने वाद चालला, कारण त्या सकाळी काय झालं होतं ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून मी मे महिन्यातच, पाऊस धरायच्या आत, दोन्ही बाजूंना बसवून चार ओळी लिहून घेतो. अडकलात तर किती वाजेपर्यंत आणि कुणाला कळवायचं. कोणती रजा आधी टाकायची. रजा नसेल तर बदली दिवस कोणता. आणि दुपारी पाणी चढायला लागलं तर लांबच्या वाडीतल्यांना किती वाजता सोडायचं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण वाट सकाळी उघडी आणि संध्याकाळी बंद, हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

आणि मस्टरला मी शेवटी एक रकाना जास्त आखतो, 'कारण' म्हणून. गेल्या जुलैत त्यात एकाच्या नावापुढे लिहिलं आहे: साकवावर पाणी, सकाळी 7.10 ला फोन. शेजारी 'नै. र.' आणि दोन सह्या. त्या दिवसाबद्दल मला कुणाचाच फोन आला नाही.