मूळ नियमाचा शोध

देठातून सुटलेले फळ जमिनीवर पडते. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. समुद्राला भरती-ओहोटी येते. या तिन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. परंतु फळाचा चंद्राशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

युरोपात पुष्कळ काळ विद्वानांचीही अशीच समजूत होती. पृथ्वीवरील वस्तूंचे नियम निराळे आणि आकाशातील गोलांचे निराळे, असे ते मानीत. पुढे केप्लरने १६०९ साली मंगळ हा ग्रह लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतो, असे दाखवून दिले. पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो, हे गॅलिलिओने प्रयोगांनी शोधून काढले. दोन्ही शोध खरे होते. पण त्यांचा परस्परांशी मेळ बसत नव्हता.

तो मेळ आयझॅक न्यूटनने घातला. विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते आणि अंतर दुप्पट झाले, तर ही ओढ एक चतुर्थांश उरते, असे त्याने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले. या नियमाला गतीच्या नियमांची जोड दिली, की ग्रहांचा मार्ग, फळाचे पडणे आणि भरती-ओहोटी या सर्वांचा उलगडा होतो. उलट, फळ पडते एवढ्यावरून भरती का येते, हे सांगता येत नाही. म्हणून गुरुत्वाकर्षण ही अधिक मूलभूत गोष्ट होय. फळाचे पडणे काही कमी खरे नाही. परंतु ती फांदी आहे आणि गुरुत्वाकर्षण हे मूळ आहे.

नियम खरोखर मुळाचा असेल, तर पुढे घडणारी गोष्टही त्यावरून सांगता आली पाहिजे. न्यूटनचा मित्र एडमंड हॅले याने ते धाडस केले. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असे त्याने १७०५ साली जाहीर केले. १७४२ साली हॅले वारला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १७५८ च्या नाताळाच्या रात्री, जर्मनीतील ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला दुर्बिणीतून तो धूमकेतू दिसला!

तथापि शोध तेथेच थांबला नाही. बुधाच्या भ्रमणातील एका सूक्ष्म फरकाचे कोडे न्यूटनच्या नियमाने सुटेना. ते १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्ताने सुटले. न्यूटनचा नियम कोठे आणि का लागू पडतो, हेही त्या सिद्धान्तावरून कळते. एका ‘का’चे उत्तर सापडले, की त्याच्या तळाशी दुसरा ‘का’ उभाच असतो.