कलमाबाहेरची शाळा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनथ किंवा बेला मंडलातल्या कापूसवाल्याने मोबाइलचा रिचार्ज मारला, की त्यातले काही पैसे खेड्यापाड्यांच्या नावाने बाजूला पडतात. हे १ एप्रिल २००२ पासून चालू आहे. दूरसंचार कंपन्यांनी समायोजित सकल महसुलातले शंभराला पाच रुपये सार्वत्रिक सेवा दायित्व निधीसाठी द्यायचे आणि त्यातून तोट्याच्या मुलखात फोन, इंटरनेट न्यायचं, अशी ही व्यवस्था. आदिलाबाद जिल्हा त्या मुलखात हमखास मोडतो. पैनगंगेच्या काठाने मराठी, उटनूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, कचेरीत तेलुगू. इथल्या शाळांकडे हा पैसा इतक्या उशिरा का वळला, ते टॉवर मोजून कळत नाही. त्यासाठी कलमं वाचावी लागतात, कारण या निधीची वाट अभियंत्यांइतकीच वकिलांनी आखली आहे.

सुरुवातच न्यायालयात झाली. खासगी कंपन्यांना दूरसंचार परवाने देण्याच्या धोरणाला दिल्ली सायन्स फोरमने आव्हान दिलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोरण उचलून धरलं, पण स्वतंत्र नियामक हवा हेही सुनावलं. पुढच्याच वर्षी ट्राय आली. पहिले अध्यक्ष होते न्यायमूर्ती एस. एस. सोधी, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. नियामक आणि दूरसंचार खातं यांची कोर्टबाजी इतकी वाढली, की जानेवारी २००० मध्ये सरकारने वटहुकूम काढून ट्रायची फेररचना केली आणि तंटे सोडवायला टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण बसवलं. भांडण शुल्काचं होतं, अधिकाराचं होतं. शाळेचा तिथे संबंध नव्हता.

२००३ मध्ये हा निधी १८८५ च्या भारतीय तार कायद्यात शिरला. ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या लोकांना परवडणाऱ्या दरात मूलभूत सेवा, एवढाच त्याचा हेतू लिहिलेला. आरंभीचा पैसा गावातल्या सार्वजनिक टेलिफोनसारख्या कामांवर गेला. मोबाइल आणि ब्रॉडबँडसाठी दार उघडायला २००६ ची दुरुस्ती लागली. खरी मेख मात्र हिशेबाच्या कलमात होती. जमा झालेली रक्कम भारताच्या संचित निधीत जायची आणि संसद मंजूर करील तेवढीच परत यायची. वर्षअखेर शिल्लक बुडत नाही, हे कायद्याने सांगितलं. अमुक मुदतीत खर्च झालीच पाहिजे, असं सांगितलं नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. २०२२ च्या सुमारास पडून असलेली रक्कम ५० हजार कोटींच्या पुढे गेली होती.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत काय झालं, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. तिथला दूरसंचार कायदा ८ फेब्रुवारी १९९६ चा. त्याच्या कलम २५४ मध्ये शाळा आणि ग्रंथालयं नावानिशी आली. सिनेटर स्नो आणि रॉकफेलर यांनी ती घुसवली म्हटलं तरी चालेल. तेव्हाचे नियामक आयोगाचे अध्यक्ष रीड हंट पेशाने वकील, अल गोर यांचे शाळासोबती आणि क्लिंटन यांचे विधी महाविद्यालयातले सहाध्यायी. एवढी वरची ओळख असूनही हंट यांनी भर दिला तो नियमांवर. शाळेला बिलात २० ते ९० टक्के सवलत, गरीब आणि ग्रामीण शाळेला जास्त, आणि वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरची मर्यादा. १९९४ मध्ये तिथल्या शंभरातल्या जेमतेम ३ वर्गखोल्यांत इंटरनेट होतं, २००० मध्ये ७७ खोल्यांत. सगळं श्रेय या निधीचं नव्हे, पण दर महिन्याचं बिल कोण भरणार हा प्रश्न त्याने आधीच मिटवला होता. शुल्क ठरवण्याचा अधिकार तिथल्या काँग्रेसने आयोगाकडे आणि आयोगाने खासगी कंपनीकडे सोपवला, म्हणून ही व्यवस्था घटनाबाह्य आहे असा दावाही झाला. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला.

आपल्याकडे अशी संधी एकदा आली होती. नोव्हेंबर २०१० ते ऑक्टोबर २०१२ या काळात शिक्षण आणि दूरसंचार ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस नामांकित वकील होता. १९९३ मध्ये लोकसभेत महाभियोगाच्या वेळी न्यायमूर्ती रामस्वामींची बाजू मांडणारे कपिल सिब्बल. ५ ऑक्टोबर २०११ ला त्यांनी 'आकाश' टॅब्लेट जाहीर केला. वीस दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली: अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे २० हजार कोटी, दोन वर्षांची मुदत, खर्च याच निधीतून. दोन्ही फायली एका टेबलावरून गेल्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत. टॅब्लेट विद्यार्थ्याच्या नावाने निघाला, तार पंचायतीच्या नावाने. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांसाठी राष्ट्रीय ज्ञान जाळं २०१० मध्येच मंजूर झालं होतं. प्राथमिक शाळेने पंचायतीच्या कचेरीतून काय ते घ्यावं, असं गृहीत धरलेलं. सिब्बल यांच्या कारकिर्दीतली ही चूक मला टू-जीच्या वादापेक्षा मोठी वाटते, जरी तिच्यावर कोणी मोर्चा काढला नाही.

आदिलाबादेत पंचायत म्हणजे काय, हाच मुळात अवघड प्रश्न. गोंड-कोलामांचे गुडे मुख्य गावापासून दोन-चार कोस आत, मधे जंगल. २०१२ मध्येच कवाल व्याघ्र प्रकल्प झाला. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आणि २०१८ च्या पंचायत राज कायद्याने पाचशेच्या आसपास वस्तीचे गुडे-तांडे स्वतंत्र ग्रामपंचायती बनले; राज्यातल्या पंचायतींची संख्या सुमारे ८,७०० वरून १२,७०० च्या पुढे गेली. निर्णय चांगला होता. पण तारेची यादी जुन्या पंचायतींची होती. तेलंगणाने मिशन भगीरथच्या पाइपलाइनच्या चरांतून फायबर टाकायचं ठरवलं, ही मात्र डोकेबाज युक्ती, कारण काळ्या रानात दोनदा खणणं कोणालाच परवडत नाही.

जुन्या जिल्ह्याच्या केरामेरी भागात, आज आसिफाबादेत, परमडोली, मुकादमगुडा अशा चौदा गावांवर तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा दावा आहे. अनेकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार याद्यांत नावं, आणि गावात मराठी शाळाही आणि तेलुगू शाळाही. अडीच लाखांच्या यादीत या गावांच्या पंचायती कोणत्या राज्याने भरायच्या, यावर एखाद्या वकिलाने आख्खी कारकीर्द काढावी.

कोविडमध्ये हे सगळं उघडं पडलं. १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणातले वर्ग दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅटवर भरू लागले. यादगिरी ही मुळात तेलुगू वाहिनी. जिल्ह्यात तर मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. केरळ उच्च न्यायालयाने त्याच्या वर्षभर आधी, एका वसतिगृहातल्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेटची सोय शिक्षणाच्या हक्कात धरली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये गरीब मुलांना उपकरण आणि नेट देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने निधीला डिजिटल भारत निधी हे नवं नाव दिलं; नियम ३० ऑगस्ट २०२४ चे. त्याआधी, ४ ऑगस्ट २०२३ ला, भारतनेटच्या, म्हणजे त्याच ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या, सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले होते, नव्या पंचायतींसह. आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात शाळा एकदाची नावानिशी आली: ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड. भाषणात आली, कायद्यात अजून नाही. शिवाय ती माध्यमिक आहे. उटनूरच्या डोंगरातल्या गुड्यांवर बहुतेक शाळा प्राथमिक आहेत.