पाव डॉलरचा खेळ

सतरा वर्षांखालच्या मुलांनी पालक सोबत असल्याशिवाय नाणं टाकून चालणाऱ्या खेळांना हात लावायचा नाही, असा टेक्सासमधल्या मेस्किट शहराचा नियम होता. शिवाय परवाना मागणाऱ्याचे ‘गुन्हेगारांशी लागेबांधे’ आहेत का, हे पोलीसप्रमुखांनी तपासायचं. अलादीन्स कॅसल या कंपनीला तिथल्या मॉलमध्ये गेम पार्लर काढायचं होतं. शहराने आधी वयाच्या अटीतून सूट दिली, मग परवानाच नाकारला. कंपनी कोर्टात जाऊन जिंकली, तर शहराने महिन्याभरात ती सूटच काढून घेतली. हे भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८२ मध्ये त्याचा निकाल लागला.

मुलांच्या खेळाची एवढी भीती का, हे समजायला पिनबॉलकडे जावं लागतं. पिनबॉल म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे गुंड, असं तिथे समीकरण होतं. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली, महापौर ला गार्डियांनी पकडलेली यंत्रं घणाने फोडली आणि ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. आपल्याकडेही ‘पार्लर’ म्हटलं की घरच्यांच्या कपाळाला आठी पडायचीच. हा डाग पुसण्याचं काम मॉलने केलं. अलादीन्स कॅसलचा पाया घालणाऱ्या ज्यूल्स मिलमन यांनी १९६९ च्या सुमारास मॉलमधल्या गाळ्यात यंत्रं मांडली, आत खाणं-पिणं आणि सिगरेट बंद केली. आई खरेदीला आणि मुलगा तिथे, एवढा विश्वास त्यातून तयार झाला. माझ्या मते अलादीन्स कॅसलची खरी कमाई हीच होती.

१९७४ मध्ये बॅली कंपनीने ही साखळी विकत घेतली. पिनबॉलची यंत्रं बनवणारी बॅली जुनीजाणती, आणि मिडवे ही तिचीच उपकंपनी. जपानच्या तैतोचा स्पेस इन्व्हेडर्स आणि नामकोचा पॅकमॅन अमेरिकेत आणले ते मिडवेने. म्हणजे यंत्र विकणारा आणि गल्ला मोजणारा एकाच घरातला. पॅकमॅन १९८० चा. पुढची दोन-तीन वर्षं मॉलमधल्या त्या अंधाऱ्या गाळ्यांचं राज्य होतं.

या धंद्याचं मर्म यंत्राच्या पोटात होतं. पॅकमॅनचं कपाट उघडलं की सर्किट बोर्डावर बारीक स्विचांची पट्टी दिसायची. खेळाडूला एका नाण्यात जीव किती द्यायचे, एक, दोन, तीन की पाच, हे चालक तिथे ठरवायचा. जादा जीव दहा हजार गुणांवर, पंधरा हजारांवर, वीस हजारांवर की मुळीच नाही, हेही तिथेच ठरायचं. मुलाला वाटायचं, आपण आज कमी पडलो. कधीकधी कुणीतरी स्विच वर-खाली केलेला असायचा. चालकाला हे करावं लागे, कारण एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती: नाणं. पाव डॉलरच्या वर सव्वा पाव डॉलर असं नाणं नसतं. १९८० ते १९९० या काळात अमेरिकेतली महागाई दीडपटीहून जास्त वाढली, यंत्रं आणि गाळ्याचं भाडं महागलं, आणि खेळ मात्र बहुतेक ठिकाणी पाव डॉलरलाच अडकला. पितळी टोकनांनी थोडी सोय केली. नोटेला किती टोकनं द्यायची, हे तरी मालकाला ठरवता येई. पण भाव सरळ दुप्पट केला की गिऱ्हाईक बिचकायचं.

१९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर धंद्याला पुन्हा तेजी आणली ती १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूने. दोघे शेजारी उभे राहून लढायचे, हरेल त्याने नाणं टाकायचं, जिंकेल तो जागेवर राहायचा. अनोळखी मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि रांगेतला आपला नंबर लावायला काचेच्या कडेवर नाणं ठेवून द्यायची. घरात असा प्रतिस्पर्धी मिळत नव्हता.

१९९३ मध्ये अलादीन्स कॅसल नामकोच्या ताब्यात गेलं. पॅकमॅन घडवणारीच आता गाळ्यांची मालक झाली होती. पुढच्याच वर्षी नामकोने टेक्केन काढला, आणि ज्या सिस्टिम ११ बोर्डावर तो चालायचा, तो सोनीच्या प्लेस्टेशनच्याच घडणीवर बेतलेला होता. त्यामुळे १९९५ मध्ये टेक्केन घरी आला तो जवळपास जसाच्या तसा. तोवर मॉलमधलं चित्र घरच्या टीव्हीपेक्षा नेहमी सरस असायचं आणि मुलं त्या सरसपणाचे पैसे मोजत होती. तो फरक नामकोने स्वतःच्या हाताने मिटवला. मला यात तिचा मूर्खपणा दिसत नाही: घरोघरी विकला जाणारा खेळ सोडून नाण्यांच्या पेट्या धरून कोण बसेल? पण गाळ्यांचं भाडं दर महिन्याला चुकवायचंच होतं. एकेक शाखा बंद होत गेली, काहींवर नामकोचं नाव चढलं, आणि पुढे मॉलच रिकामे पडायला लागले.

मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्ड गावानेही १९८२ मध्ये नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमवर सरसकट बंदी घातली होती. ती २०१४ मध्ये गावकऱ्यांच्या मतदानाने उठली. तोवर तिथली मुलं फोनवर खेळत होती.